टाकीखालची रेघ

दगडी कोरीवकाम बघताना आपल्यासमोर असतो तो पूर्ण झालेला दगड. त्याच्या आधी तिथे कुणीतरी एक रेघ ओढली होती, हे सहसा मनात येत नाही. येणार तरी कसं? ती रेघ उरलेलीच नसते. चित्रकाराचं कच्चं रेखाटन रंगाखाली का होईना, टिकून राहतं. घराचा नकाशा कुठल्या तरी कपाटात सुरळी होऊन पडलेला असतो. पाथरवट मात्र दगडावर चित्र काढतो आणि पहिल्या घावापासून तेच चित्र उडवायला लागतो. काम पुरं होतं तेव्हा रेखाटन पूर्ण संपलेलं असतं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण घावाच्या आधी दगडानं जी रेघ अंगावर घेतली तिच्याबद्दल कुणी बोलताना मी ऐकलेलं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

माझं काम जुन्या वास्तूंची मापं घेऊन त्यांची रेखाटनं करण्याचं. आमच्या धंद्यात त्याला मेजर्ड ड्रॉइंग म्हणतात. नाशकात या कामाला तोटा नाही. गोदाघाटावर नारोशंकराचं मंदिर आहे 1747चं, पलीकडच्या काठावर 1756चं सुंदरनारायण, आणि पंचवटीत काळाराम, रामशेजच्या डोंगरातून आणलेल्या काळ्या दगडाचं. सगळा बेसाल्ट. टेप आणि ओळंबा घेऊन एकेका थराची मापं घ्यायची, ती वहीत टिपायची, घरी येऊन कागदावर उतरवायची. ही रेघ दगडानंतरची. जे आहे ते ती सांगते, ठरवत काहीच नाही. शिल्पकाराची रेघ दगडाच्या आधीची, आणि सगळं तिनं ठरवलेलं. वर्षानुवर्षं नंतरची रेघ काढता काढता मला आधीच्या रेघेची ओढ लागली.

ती रेघ उरत नाही हे खरं, पण मापं घेताना तिचा माग लागतो. कुठल्याही जुन्या देवळाच्या जोत्यावर कमळाच्या पाकळ्यांची पट्टी असते. लांबून सगळ्या पाकळ्या एकसारख्या दिसतात. टेप लावला की कळतं, त्या एकसारख्या नाहीत. बहुतेक पट्टीत एखादी पाकळी अंग चोरून बसलेली सापडते, शेजारणीपेक्षा अर्ध्या बोटानं अरुंद. ती कोपऱ्यापाशी असेल तर समजायचं, कारागिरानं आखणी मधोमध सुरू केली आणि दोन्हीकडे सरकत गेला. उरलेली जागा शेवटच्या पाकळीनं सोसली. अरुंद पाकळी मध्येच कुठे असेल तर आखणी दोन्ही टोकांकडून आत आलेली. कधी एका बाजूच्या पाकळ्या एका मापाच्या आणि दुसऱ्या बाजूच्या वेगळ्याच, मग तिथे दोन माणसं दोन बाजूंनी आखत होती. अडीचशे वर्षांपूर्वी सकाळी कुणीतरी दोरी धरून उभा होता, दुसऱ्यानं ती गेरूत बुडवून ताणली, उचलून सोडली आणि दगडावर तांबडी रेघ उमटली. तो सगळा प्रसंग त्या अंग चोरलेल्या पाकळीत शाबूत असतो. असा माग सापडला की मला त्या माणसाशी ओळख झाल्यासारखं वाटतं, आणि दिवसभर मन त्या आनंदात राहतं.

पण मागावरून अंदाज बांधणं वेगळं आणि रेघ ओढताना डोळ्यांनी बघणं वेगळं. ते बघायला मिळालं शहराबाहेर, हायवेलगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे एक वयस्कर पाथरवट काम करतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही अण्णाच म्हणते. एका गावच्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी उंबऱ्याचा दगड नवा घडवायचा होता आणि त्यावर दोन बाजूंना दोन कीर्तिमुखं, म्हणजे देवळाच्या उंबऱ्यावरची ती उग्र मुखं, हवी होती. जुना उंबरा झिजून गुळगुळीत झालेला, मुखं ओळखू येण्यापलीकडे गेलेली. अण्णांनी जुन्या दगडावरून नुसता हात फिरवला, डोळे मिटून. मग जुन्या वर्तमानपत्राचा एक ताव घेतला, मधोमध दुमडला आणि पेन्सिलीनं अर्धंच मुख काढलं. एक डोळा, नाकाचा अर्धा उंचवटा, एक शिंग, अर्धा जबडा आणि त्यातून बाहेर पडणारी पानांची वेल.

दुमडलेल्या कागदाच्या रेघेवरून दाभणानं भोकं पाडली. ताव उलगडला तेव्हा दोन्ही बाजूंना सारखी भोकं. दगडाचा दर्शनी भाग आधीच मठारून सपाट केलेला होता. त्यावर ताव ठेवला आणि फडक्याच्या पुरचुंडीत बांधलेला सुका गेरू त्यावर हलकेच आपटला. कागद उचलला तर काळ्या दगडावर ठिपक्यांच्या रांगोळीसारखे तांबडे ठिपके. मग ओल्या गेरूत बुडवलेल्या बारीक कुंचल्यानं त्यांनी ते ठिपके जोडले. मी म्हटलं, "अण्णा, झालं की चित्र."

"ह्ये चित्र न्हाई ताई," ते म्हणाले, "ही नुसती हद्द हाये."

त्यानंतर त्यांनी जे केलं त्याकडे माझं आधी लक्षच गेलं नसतं. मधली उभी रेघ, मध्यसूत, त्यांनी दगडाच्या वरच्या कडेवरून मागे नेली आणि कडेवर टाकीनं एक बारीक खाच मारली. खालच्या कडेवरही तशीच एक. डोळ्यांच्या पातळीची आडवी रेघ दोन्ही बाजूंच्या अंगावर नेऊन तिथेही खाचा. मग दगडाच्या बाजूवर मुखाचं बाजूचं चित्र काढलं: नाकाचं टोक इथवर बाहेर, गालाचा फुगवटा त्याच्या मागे, डोळ्याची खोबण इतकी आत. समोरचं चित्र रुंदी सांगतं, बाजूचं चित्र खोली सांगतं, आणि समोरचं चित्र उडून गेल्यावर त्या खाचांना दोरी लावून ते जसंच्या तसं पुन्हा आखता येतं. सगळं पुसलं तरी चालेल, खाचा राहिल्या पाहिजेत.

मग टाकी. घाव रेघेवर कधीच पडत नाही. रेघेच्या बाहेर, सुतभर जागा सोडून. रेघ राखायची, असं अण्णांचं सांगणं. बाहेरचा दगड उतरला, मुखाचा ढोबळ उठाव वर आला आणि त्या उठावावर घाव पडू लागताच डोळे, नाक, जबडा, सगळ्या रेघा गेल्या. तेव्हा अण्णांनी पुन्हा गेरू घेतला आणि नव्या, आता गोलावलेल्या पृष्ठभागावर पुन्हा मुख काढलं, या वेळी कागदाशिवाय. पुन्हा टाकी, पुन्हा रेघा गेल्या, पुन्हा काढल्या. एका मुखासाठी तेच चित्र किती वेळा काढावं लागतं हे मी मोजलं नाही, पण दर वेळी ते थोडं बदलत होतं हे मी डोळ्यांनी पाहिलं. पहिलं चित्र सपाट होतं. नंतरचं प्रत्येक चित्र दगडाच्या अधिक आत शिरलेलं, आणि म्हणून अधिक नेमकं.

डाव्या डोळ्याशी दगडात पांढरी गाठ लागली. आपल्या बेसाल्टमध्ये हे होतंच. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत झिरपणाऱ्या पाण्यातून खनिजं साचली आणि त्यांचे स्फटिक झाले. नाशिक जिल्ह्यातल्या या झिओलाइट स्फटिकांना जगभर मागणी आहे, सिन्नरला त्यांचं आख्खं संग्रहालय आहे. संग्रहालयात काचेआड ते फार देखणे दिसतात. पाथरवटाला ते नको असतात, कारण तिथे टाकी बसली की कपचा कुठवर जाईल याचा भरवसा नाही. अण्णांनी बोटानं गाठ चाचपली, ओल्या फडक्यानं डोळा पुसला आणि बोटभर वर नवा डोळा आखला. मग तोल साधायला उजवी भुवई किंचित उचलली. मुखाला त्यामुळे जी करारी नजर आली ती कागदावर नव्हती.

"कागदाला दगड म्हाईत नसतो, ताई."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. पण त्यावरून कागद फालतू असतो असं कुणी समजू नये, कारण अण्णांनी तो ताव नीट घडी करून डब्यात ठेवला होता, दुसऱ्या मुखासाठी.

आपल्या शिल्पशास्त्रात या हद्दीला गणित आहे. ताल म्हणजे 12 अंगुळं, मुखाची लांबी. नवताल मूर्ती 9 तालांची, म्हणजे 108 अंगुळं उंच. चेहऱ्याच्या 12 अंगुळांचे तीन सारखे भाग: कपाळ, नाक, आणि नाकाखालून हनुवटीपर्यंत. अंगूळ म्हणजे प्रत्यक्ष बोट नव्हे. दगडाच्या उंचीचे 108 भाग करायचे, त्यातला एक भाग ते अंगूळ. त्यामुळे मूर्ती वीतभर असो की दोन पुरुष उंच, प्रमाण तेच. अण्णांना यातला एकही श्लोक येत नाही. पण उभ्या मूर्तीसाठी त्यांनी दोरीला नऊ गाठी मारलेल्या मी पाहिल्या आहेत. पोथीतलं गणित दोरीवर कधी आलं, की दोरीवरचं गणित पोथीत गेलं, हे मला ठरवायचं नाही. माझा कल दोरीकडे आहे.

असं गणित फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात 13व्या शतकातल्या व्हिलार द ओनकूर नावाच्या फ्रेंच माणसाची चर्मपत्रांची चोपडी आहे. तिच्यात चर्चच्या खिडक्या आहेत, यंत्रं आहेत, आणि माणसांच्या, जनावरांच्या चित्रांवर सरळ त्रिकोण-चौकोन ओढलेले आहेत, आकृती त्या भूमितीत बसवायला. इंग्लंडात यॉर्कच्या कॅथीड्रलमध्ये एका खोलीची जमीनच गिलाव्याची आहे; गवंडी तिच्यावर टोकदार हत्यारानं पूर्ण मापाच्या कमानी कोरून त्यावरून लाकडी साचे कापायचे. नव्या रेघा जुन्या रेघांवर चढत गेल्या आणि आज ती जमीन म्हणजे रेघांचं जाळं आहे. ती त्यांनी जपली, आणि तिचा मला हेवा वाटतो.

हेवा वाटायचं कारण, आपल्याकडे याहून भव्य गोष्ट आहे आणि तिचं नाव फार थोड्यांना ठाऊक असतं. भोपाळजवळ भोजपूरला परमार राजा भोजाच्या काळातलं, 11व्या शतकातलं, शिवमंदिर आहे. ते अपुरं राहिलं. शिखर चढलंच नाही. आणि अपुरं राहिलं म्हणूनच आसपासच्या खडकावर कोरलेली त्याची रेखाटनं वाचली: तळाचे आराखडे, खांब, खांबांची शीर्षं, जोत्याच्या थरांचे कापलेले आकार, शिखराचे चढ. कागद नव्हता, खडक होता. मंदिरावर आणि आसपास कारागिरांच्या खुणाही 1,000हून जास्त आहेत, कुणाचा त्रिशूळ, कुणाचं चक्र. मी तिथे गेले तेव्हा उन्हं कलली होती. भर दुपारी जो खडक कोरा वाटतो त्यावर तिरप्या उन्हात रेघा वर येतात, एकेक करून. मी खडकावर आडवी होऊन त्या रेघेला बोट लावलं. खोली जेमतेम नखभर. ज्यानं ती ओढली त्याचा हात कुठे थांबला, कुठे पुन्हा सुरू झाला, ते बोटाला कळतं. काम पुरं झालं असतं तर या रेघांची गरज संपली असती, आणि कुणीतरी त्या खडकावरून दगड ओढून नेताना त्या घासून गेल्या असत्या.

भोजपूरहून परतल्यावर मी सिन्नरच्या गोंदेश्वराकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. यादवकाळातलं हे पंचायतन, मध्ये शिव आणि चार कोपऱ्यांना चार छोटी देवळं. त्याचं शिखर भूमिज पद्धतीचं. माळव्यात रुजलेली आणि महाराष्ट्रात अंबरनाथला 1060 साली दिसणारी ही पद्धत. चारी बाजूंच्या मध्यावर तळापासून माथ्यापर्यंत जाळीदार नक्षीची उभी पट्टी, आणि मधल्या जागेत चिमुकल्या शिखरांच्या उभ्या-आडव्या रांगा. खालच्या रांगेतलं शिखर मोठं, वर जाताना प्रत्येक रांगेत लहान होत जाणारं, आणि सगळ्यांना मिळून एक डौलदार वळण. आता विचार करा, यातला प्रत्येक दगड खाली जमिनीवर घडवून वर चढवायचा. पाचव्या रांगेतलं शिखर चौथीतल्यापेक्षा किती लहान, त्याची मागची बाजू किती कलती, हे खालीच ठरलेलं असलं पाहिजे, नाहीतर वर गेल्यावर वळण मोडतं. पूर्ण मापाचं, निदान एका बाजूचं, रेखाटन कुठल्या तरी सपाटीवर केल्याशिवाय हे साधणार नाही, असं माझं ठाम मत आहे. शेणानं सारवलेली जमीन असेल, चुन्याची फरसबंदी असेल. त्या आवारात आता हिरवळ आहे आणि रविवारी मुलं पळापळी खेळतात. मी मात्र तिथे गेले की खाली बघत चालते.

नाशिककरांच्या रोजच्या नजरेतल्या पांडवलेण्यांतही एक जागा आहे जिथे न उरलेल्या रेखाटनाचा प्रश्न अगदी अंगावर येतो. 10 नंबरचं लेणं नहपान या क्षत्रप राजाच्या काळातलं, त्याचा जावई उषवदात याच्या दानाचे लेख तिथे आहेत. 3 नंबरचं लेणं सातवाहनांचं, राजा गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिनं दिलेलं, नातू पुळुमावीच्या राज्याच्या 19व्या वर्षी. दोन्हींत काही दशकांचं अंतर, आणि पायी जायला दोन-चार मिनिटं. दोन्हींचा आराखडा जवळजवळ एकच: पुढे खांबांची ओसरी, आत चौकोनी दालन, कडेनं खोल्या, मागच्या भिंतीवर स्तूपाचं उठावातलं शिल्प. दहामधला तो स्तूप पुढे कुणीतरी कोरून भैरव केला. तिथे आधी काय असेल याचा अंदाज तीनमधला स्तूप बघून येतो.

आता खांब बघा. दहाच्या खांबाचं शीर्ष घंटेसारखं, ओठाशी फाकलेलं, वर जनावरांवर बसलेली माणसं. घंटेची कड एका श्वासात ओढल्यासारखी. तीनच्या खांबाला तीच कल्पना, तीच जनावरं, पण घंटेचं वळण आखडलंय, आकार कलशाकडे झुकलाय. जुने इंग्रज अभ्यासक याला सरळ ऱ्हास म्हणून मोकळे झाले. मला ते पटत नाही. माझ्या मते इथे दोन वेगळ्या हातांची रेघ आहे. तीनच्या कारागिरापुढे दहाचा कागद नव्हता, साचा नव्हता. त्याच्यापुढे तयार खांब होता. तो चालत गेला, बघून आला, परत येऊन आपल्या खडकावर आठवणीनं रेघ ओढली. डोंगर आतून पोखरताना काम वरून खाली येतं, छताशी आधी, जमिनीशी शेवटी. म्हणजे शीर्षाचा आकार त्याला खांब दिसायच्या आधी, कातळाच्या भिंतीवर ठरवावा लागला. चुकलं तर दगड पुन्हा चिकटवता येत नाही. अशा वेळी हात आखडता राहतो, थोडा जास्तीचा दगड ठेवतो. तीनच्या शीर्षाचं ते भरीव, जपून घेतलेलं वळण मला त्या सावधपणाचं वाटतं. आणि याच लेण्याच्या ओसरीखाली ते सहा भले थोरले यक्ष आहेत, जमिनीतून अर्धे वर आलेले, खांद्यावर आख्खं लेणं पेललेले. दहाकडे ते नाहीत. ती त्या कारागिराची स्वतःची रेघ. त्यांच्या मनगटाजवळ जाऊन उभे राहा, हा माणूस कुठल्याच अर्थानं कमी नव्हता हे कळेल.

जिंकलेल्याचं आपलंसं करायची त्या काळची रीतच दिसते. 1906 साली आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या 13,000हून अधिक नाण्यांचा साठा सापडला, त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर नहपानाला हरवणाऱ्या गौतमीपुत्रानं आपला ठसा उठवलेला. जुन्या चेहऱ्यावर नवा ठसा, आणि खालचा चेहरा तरीही दिसतो.

18 नंबरच्या चैत्याच्या दर्शनी भागावर तर सुताराची रेघ दगडात उतरली आहे. कमानीखाली लाकडी वाशांची टोकं, जाळ्या, खाचेत बसवलेल्या पट्ट्या, सगळं कातळातून कोरलेलं. दगडाला यातल्या एकाही वाशाची गरज नाही. दारावरच्या लेखात हे धंबिक गावचं दान असल्याचं कोरलंय. गावानं पैसा दिला त्याची नोंद राहिली. ज्यानं आखलं त्याची नाही.

मुंबईत हीच गोष्ट 19व्या शतकात पुन्हा घडली, या वेळी कागद भरपूर असताना. 1865 साली जॉन लॉकवुड किपलिंग जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये वास्तुशिल्प शिकवायला आले आणि 1875पर्यंत राहिले. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरचे उठाव त्यांचे. आज आपण तिला महात्मा फुले मंडई म्हणतो. तिथली पद्धत अण्णांच्या पद्धतीपेक्षा वेगळी होती. आधी कागदावर रेखाटन, मग मातीत नमुना, मग प्लास्टर, आणि शेवटी प्लास्टरवरून मापं घेत दगड. रेखाटन दगडापासून सुटं झालं, म्हणून ते टिकू शकलं. व्हिक्टोरिया टर्मिनसचं काम 1878 साली सुरू झालं. तिथले मोठे पुतळे थॉमस अर्प यांचे, पण मोर, माकडं, मुंगसं, पानाफुलांची ती गर्दी कोरण्यात जे.जे.च्या विद्यार्थ्यांचा हात होता, जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली. याच ग्रिफिथ्सनी 1872पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या. सीएसएमटीच्या एखाद्या कमानीवरची वेल बघताना मला अजिंठ्याच्या छताची आठवण येते, ती उगीच येत नसावी. तिथून थोड्याच अंतरावर राजाबाई टॉवर, 1878 साली पुरा झालेला. आराखडा सर गिल्बर्ट स्कॉट यांचा, पण वर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातिजमातींचे 24 पुतळे उभे आहेत, ते घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. किती मराठी माणसांना हे नाव ठाऊक आहे? इतक्या उंचीवरच्या पुतळ्याचं रेखाटन करणं ही मोठी विद्या आहे. खालून बघणाऱ्याला पाय मोठे आणि डोकं लहान दिसतं, म्हणून आखतानाच वरचा भाग वाढवायचा, भुवया खोल घ्यायच्या, वस्त्राच्या चुण्या रुंद करायच्या. जवळून तो पुतळा बेढब दिसेल. तो जवळून बघायचाच नसतो.

दगडानंही रेघ बदलते. पोरबंदरचा चुनखडक उजळ आणि मऊ, त्यात बारीक पान कोरलं तरी सावली गडद उमटते. आमच्या काळ्या बेसाल्टवर सावली दिसतच नाही, काळ्यावर काळं. इथे आकार दिसतो तो कडेवर पडणाऱ्या उजेडानं. म्हणून नाशकाकडच्या कारागिराची रेघ मोजकी आणि ठसठशीत, प्रत्येक कडेला उजेड पकडायची जबाबदारी दिलेली. चुनखडकासाठी काढलेल्या चित्रावरून बेसाल्टात कोरायला गेलात तर हाती काळा गोळा येईल.

किपलिंग यांची आणखी एक गोष्ट मला बोचत राहते. 1870च्या सुमाराला त्यांनी उत्तर हिंदुस्थानात फिरून आपापल्या हत्यारांसह कामाला बसलेल्या कारागिरांची रेखाटनं केली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ती जपून ठेवली आहेत. त्यात लाकूड कोरणारा एक माणूस आहे, पुढे वाकलेला. चित्र सुंदर आहे, मनापासून काढलेलं आहे. पण म्हणजे कारागिराचं चित्र राहिलं आणि कारागिरानं त्या लाकडावर काढलेलं चित्र गेलं. त्याच्या रेघेला रेखाटन म्हणायचं कुणाच्या मनातच आलं नाही. ते कामाचा एक टप्पा होतं, भुशाबरोबर झाडून टाकायचं. हे परक्यांनी केलं असं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. आपण स्वतः अजून तेच करतो. जीर्णोद्धाराच्या फायलीत माझी ड्रॉइंग्ज जातात, मोजमाप पुस्तिका जाते, बिलं जातात. पाथरवटाचा कागद जात नाही. फरशीवर खडूनं काढलेलं पूर्ण मापाचं शिखर संध्याकाळी पाणी मारून धुतात. मी ते धुताना पाहिलं आहे आणि माझ्या पोटात तुटलं.

अलीकडे शेडमध्ये संगणकावरून काढलेले प्रिंट येतात. दगडावर प्रिंट चिकटवायचा आणि ग्राइंडर चालवायचा. मोठ्या कारखान्यांत तर यंत्रच कोरतं. कामाला वेग येतो, माणसाच्या फुप्फुसात जाणारी धूळ कमी होत असेल तर मला त्याचा आनंदच आहे, कारण दगडाच्या धुळीनं छाती भरलेली माणसं मी पाहिली आहेत. पण यंत्राच्या कीर्तिमुखाची डावी बाजू उजवीची हुबेहूब नक्कल असते, केसाचाही फरक नाही, आणि असं मुख बघितल्यावर ते आपल्याकडे बघत नाही. अण्णांच्या तावावरही दोन्ही बाजू सारख्याच होत्या. पुढे दगडावर पुन्हा पुन्हा काढताना त्या वेगळ्या झाल्या. प्रिंट एकदाच चिकटवतात. पुन्हा काढणं त्या कामातून गेलं, आणि माझ्या मते खरं नुकसान तिथे आहे.

म्हणून आता मी ज्या कामावर असते तिथे एक गोष्ट करून घेते. टाकी लागण्याआधी दगडावरच्या रेघेचा फोटो, शेजारी मापपट्टी ठेवून, सकाळच्या तिरप्या उजेडात. प्रत्येक टप्प्याला रेघ पुन्हा निघाली की पुन्हा फोटो. वर्तमानपत्राचे ताव, दाभणाची भोकं असलेले, गेरूनं माखलेले, सपाट करून फोल्डरमध्ये, ज्यानं काढले त्याच्या नावासह, त्याची परवानगी घेऊन. ठेकेदाराला हे वेळ खाणारं वाटतं. त्याच्याशी मी भांडते. एका कामावर ट्रस्टच्या लोकांनी हे ताव देवळातच चौकटीत लावायचं ठरवलं, तेव्हा मी त्यांना काचेआड थेट उजेड येणार नाही अशी जागा बघायला सांगितलं, कारण वर्तमानपत्राचा कागद फार लवकर पिवळा पडून तुटतो. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मी आता मेजर्ड ड्रॉइंगच्या आधी एक दिवस शेडमध्ये पाठवते. टेप न्यायचा नाही, फक्त बघायचं.

अण्णांना हे सगळं थोडं जास्तीचं वाटतं. दुसरं कीर्तिमुख पुरं झालं त्या दिवशी मी तो ताव मागितला. त्यांनी डब्यातून काढून दिला, पण हातातून लगेच सोडला नाही.

"मुख हाये की तुमच्याम्होरं, ताई. कागद कशाला?"

मी त्यांना भोजपूरचे फोटो दाखवले, मोबाइलवर, मोठे करून. खांबाच्या शीर्षाचं रेखाटन आलं तसे ते थांबले. चष्मा पुसला. शेजारच्या मुलाला हाक मारली, तोही आला. बराच वेळ दोघं त्या रेघेबद्दल बोलत राहिले: मध्यसूत कुठून घेतलं असेल, वळण एका बाजूनं ओढलं की दोन्हीकडून, हत्यार कसं धरलं असेल. मी काही विचारलं नाही. शेवटी अण्णा म्हणाले, "ह्याला जरा घाई होती. ह्ये वळण बघा, दोनदा मारलंय." आणि मग तावाच्या कोपऱ्यात त्यांनी पेन्सिलीनं आपलं नाव घातलं, गाव घातलं, आणि खाली त्या उंबऱ्याची लांबी-रुंदी लिहून दिली.